एक्केचाळीस नंबरचा ठेका

दादा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं जाताना मला एकच सांगून गेली, की भाऊ-बहीण असावेत तर असे. मी मान हलवत राहिले. तुझ्या आर्केस्ट्रातला कीबोर्डवाला तर माझ्यासमोर ढसाढसा रडला. म्हणाला, "मारोती तुमचं लई सांगायचा, ताई. म्हनायचा, माझ्या बहिणीनं पाच रविवार जीव काढला, पन बॅटरीनं दगा दिला." मी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसले.

त्या बॅटरीबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे. बाकी तू कोण होतास, किती लग्नांत वाजवलंस, कुरुंद्यापासून हिंगोलीपर्यंत तुला किती लोक ओळखत होते, ते सगळं सांगून झालं. हे एक कुणाला माहीत नाही. तुलाही नाही.

ते मशीन आपल्या घरी आलं तेव्हा मी बारावीला होते. तू ढोलकी वाजवायचास. आर्केस्ट्राच्या मालकानं कुठूनतरी जुनं ड्रम मशीन आणलं. पाटीएवढं काळं, त्यावर सोळा रबरी चौकोन, चौकोनावर बोट मारलं की ढोल, झांज, टाळ्या असा आवाज यायचा. एकदा बोटानं वाजवलेलं ते लक्षात ठेवायचं आणि बटण दाबलं की पुन्हा पुन्हा वाजवायचं. मालकानं तुला सांगितलं, पुढच्या लग्नसराईत ढोलकीवाला लागणार नाही. त्या दिवशी तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकाच्या दारात जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "मशीनला वाजवनारा लागंल का न्हाई? मंग मीच वाजवतो की."

त्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी होतं, तेही झेरॉक्स, अर्धी पानं फिकट. तू ते माझ्यापुढं टाकलंस. मी डिक्शनरी घेऊन बसायचे, तू मशीन मांडीवर घेऊन. त्यात एक शब्द होता, क्वांटाइझ. तो आपल्या डिक्शनरीत नव्हता. तू चार-पाच वेळा ते चालू-बंद करून ऐकलंस आणि मलाच समजावलंस, "ह्ये चालू ठेवलं की मशीन आपली चूक सरळ करून टाकतं. बंद केलं की आपन जसं वाजवलं तसंच ठेवतं." मला अजून कुणी त्या शब्दाचा इतका नेमका अर्थ सांगितलेला नाही.

मशीनमध्ये ढोलकी नव्हती. परदेशातल्या कोंगो ढोलांचे आवाज होते. त्यातल्या एकाचा सूर उतरवत उतरवत तू तिसऱ्या दिवशी ढोलकीच्या जवळ आणलास. दहाव्या दिवशी वसमतच्या एका लग्नात तू वाजवलंस, आणि माणसं खरा ढोलकीवाला कुठं बसलाय ते शोधत होती. घरी येऊन तू वहिनीला सांगितलंस, "सुमीनं पुस्तक वाचलं म्हनून जमलं." आणि आबाकडं वळून म्हणालास, "आबा, हिला वसमतला कॉम्प्युटरच्या क्लासला घालू. एवढं किचकट पुस्तक जिला समजतं, तिला कॉम्प्युटर बी समजंल."

मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी रोज एसटीनं वसमतला जाऊन कॉम्प्युटर शिकणार, यावर भावकी काय काय बोलली ते तू मला कधी ऐकू दिलं नाहीस. मी नंतर वहिनीकडून ऐकलं. आज माझं जे काही आहे, त्या क्लासमधली शिकवण्याची नोकरी, पुढं लग्न, घर, ते सगळं त्या एका वाक्यातून निघालं. हे मी तुला कधीतरी सांगायला हवं होतं. तू चहा पिताना, सहज.

आबाला ते मशीन आवडायचं नाही. जागरणाला ढोल गळ्यात घालून उभा राहिला की चार गावं हलवणारा आपला बाप तो. म्हणायचा, "पत्र्याचा आवाज हाय ह्यो. ह्याला कातडं न्हाई." मेंढरामागं फिरून फिरून त्याचा गुडघा गेला आणि तो घरी बसला, तेव्हा दिवसभर त्याला तुझा रियाज ऐकावा लागायचा. बाजेवरून ओरडायचा, "मारोत्या, बंद कर ते."

आणि एका दुपारी तो स्वतःच म्हणाला, "इकडं आन बरं."

तुला आठवत असेल. अंगणात हळद वाळत घातली होती. तू मोठ्या ड्रमचा सूर पार खाली उतरवून ढोलाचा घुमारा काढला होतास आणि शेजारच्या चौकोनात टिपरूचा, ढोलाच्या काठीचा, टणत्कार बसवला होतास. आबानं दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पुढं केली, जशी मेंढीची जखम चाचपावी तशी. मशीन मोजणीसाठी टक-टक करत होतं. आबा चिडला. "ही टक-टक बंद कर. मला कोन्ही शिकवू नये." तू ती बंद केलीस. मी पुस्तकात बघून क्वांटाइझ बंद करायला सांगितलं. आबानं वाजवलं. देवाच्या पालखीपुढं वाजवायचा तोच ठेका. मधल्या जड ठोक्याआधी तो नेहमी जरा दम धरायचा, ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा तेवढाच. तो दम त्यात आला. शेवटी मशीनमध्ये भरायची जागा संपली आणि आबाचा ठेका अजून थोडा उरला होता, म्हणून परत सुरू होताना एक अडखळ यायची. तू ती अडखळ काढली नाहीस. एक्केचाळीस नंबरला ठेवून दिलास.

आबा ऐकत बसला. मग म्हणाला, "ह्यो मीच हाय का?"

"व्हय, तुमीच."

"मंग मी थांबल्यावर बी वाजून राहिलं की."

तू हसलास. मी पण. त्यानंतर कुणी पाहुणा आला की आबा स्वतः सांगायचा, "एक्केचाळीस लाव रे." आणि तू लावायचास.

आबा पुढच्या वर्षी गेला. त्याच्या आवाजाची कॅसेट आपल्याकडं नव्हती. फोटो एकच होता, तोही रेशनकार्डासाठी काढलेला, डोळे मिटल्यासारखा. राहिला तो एक्केचाळीस नंबर. तू तो आर्केस्ट्रात कधी वाजवला नाहीस. मालकानं नवं मशीन घेतलं आणि जुनं तुझ्याकडंच ठेवलं, तेव्हा तू पेढे वाटलेस. वहिनी सांगायची, सकाळी गोठ्यात जाण्याआधी तू मशीन चालू करायचास, एकदाच ऐकायचास, बंद करायचास.

मग एके दिवशी ते चालू करताना पडद्यावर अक्षरं आली. तू वसमतला क्लासमध्ये फोन केलास आणि मला एकेक अक्षर वाचून दाखवलंस. मी म्हटलं, "बॅटरी कमी झाली म्हणतंय, दादा. आत एक बारीक बॅटरी असते, तिच्यावर त्याची सगळी आठवण चालते." पुस्तकात लिहिलं होतं, बॅटरी बदलली की आतलं सगळं जातं, म्हणून आधी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं.

तू विचारलंस, "तुला येतं का ते?"

मी म्हटलं, "येतं की."

येत नव्हतं, दादा. पण मी आता क्लासमध्ये शिकवत होते. पोरं मला मॅडम म्हणायची. येत नाही असं म्हणायची माझी सवय सुटली होती.

क्लास रविवारी बंद असायचा. सरांनी किल्ली माझ्याकडं दिली होती. तू कुरुंद्याहून एसटीनं यायचास, मशीन वहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. पिशवीत शेंगा. औरंगाबादच्या एका ओळखीच्या पोरीनं मला सीडी पाठवली होती, त्यात त्या मशीनचं सॉफ्टवेअर होतं. आणि एक केबल, कॉम्प्युटरच्या मागं जॉयस्टिक लावतात त्या खाचेत बसणारी, दुसऱ्या बाजूला दोन टोकं. एकावर 'इन' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'आऊट'. मी 'इन' मशीनच्या 'इन'मध्ये घातलं आणि 'आऊट' 'आऊट'मध्ये. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

सॉफ्टवेअर म्हणायचं, मशीन सापडलं नाही. पहिला रविवार त्यातच गेला. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. साउंड कार्डाचा ड्रायव्हर बदलला. दुसऱ्या रविवारी तेच. कंटाळून मी डोकं टेबलावर ठेवलं, तेव्हा तू ती केबल हातात घेऊन बराच वेळ बघत होतास.

"सुमे, ह्याचं तोंड कोनतं आन् कान कोनता?"

"म्हणजे?"

"ह्याचं बोलनं त्याच्या बोलन्याला लावलंय तू. दोघं बी बोलून राहिले, ऐकनार कोन?"

टोकं उलटी केली. तरी सापडेना, पण मशीनवरचा बारीक दिवा पहिल्यांदाच लुकलुकला. तू टाळी वाजवलीस. तिसऱ्या रविवारी मला पुस्तकात सापडलं की प्रत्येक मशीनला एक नंबर असतो आणि त्या नंबरानं हाक मारली तरच ते ओ देतं. सॉफ्टवेअर एक नंबरला हाका मारत होतं, आपलं मशीन सतरा नंबरचं. तो आकडा बदलला आणि पडद्यावर आलं, सापडलं. किती खूश झालास तू. "आपन परक्याच्या नावानं हाका मारून राहिलो व्हतो गं," असं म्हणत तू दोनदा हसलास.

चौथ्या रविवारी मजकूर यायला लागला आणि निम्म्यावर तुटला. पुन्हा केलं, पुन्हा तुटला. मशीन एका दमात सगळं सांगायचं आणि आपल्या स्वस्त केबलला तेवढा घास मावायचा नाही. मग लाइट गेली. आपण अंधारलेल्या खोलीत शेंगा सोलत बसलो आणि तू मला आबाच्या गोष्टी सांगितल्यास, मी जन्मायच्या आधीच्या. तो माझा तुझ्याबरोबरचा सगळ्यात सुखाचा दिवस आहे. काहीही जमलं नव्हतं त्या दिवशी.

पाचवा रविवार.

मी आठवडाभर पुस्तक वाचलं होतं. त्यात एक कुलूप होतं, म्हणजे मशीनमधली अशी सोय की ते लावलेलं असलं तर आतलं काही पुसलं जात नाही. लिहिलं होतं, कॉम्प्युटरकडून काही घ्यायचं असेल तर हे कुलूप उघडावं. आपल्याला घ्यायचं नव्हतंच, दादा. द्यायचं होतं. मी ते वाक्य अर्धं वाचलं.

तू विचारलंस, "कुलूप काहून उघडायचं?"

"पुस्तकात आहे."

"जरा थांब. आधी टेपवर भरून घेऊ का? मालकाचा टेप आनतो मी. मशीनची वायर टेपला लावू. निदान आवाज तरी ऱ्हाईल."

मी हसले. माझं ते हसणं मला अजून ऐकू येतं. म्हटलं, "कॉम्प्युटर समोर असताना टेप? दादा, तू पण ना."

तुझ्या मनाला पटलं नव्हतं, दिसत होतं. पण ज्या बहिणीला तू भावकीशी भांडून शिकवलंस, तिच्या शब्दावर तू शब्द ठेवला नाहीस. तू स्वतःच्या हातानं कुलूप उघडलंस.

पडद्यावर दोन बटणं होती. एकावर 'गेट', एकावर 'सेंड'. आधीच्या रविवारी मी 'गेट' दाबत होते आणि ते निम्म्यावर तुटत होतं. मला वाटलं, माझीच बाजू चुकतेय. पाठवायचं मशीननं आहे, तर 'सेंड'. सॉफ्टवेअर मध्ये विचारत होतं, नक्की का? मी नक्की म्हटलं.

निळी पट्टी सरकायला लागली. निम्म्यावर आली तेव्हा तू माझा खांदा धरलास. निम्म्याच्या पुढं गेली. शेवटपर्यंत गेली. "झालं!" तू ओरडलास, "सुमे, झालं की गं!" आणि चप्पल न घालता खाली पळालास, जिलबी आणायला.

तू जिन्यावरून उतरत असताना मी कॉम्प्युटरवर एक्केचाळीस नंबर उघडला. रिकामा. चाळीस, रिकामा. मी मशीनचं बटण दाबलं. एक्केचाळीसला काही वाजलं नाही. दिवा फिरत राहिला आणि काही वाजलं नाही. मशीनकडून कॉम्प्युटरमध्ये काही आलंच नव्हतं. कॉम्प्युटरमधली रिकामी पानं मशीनवर जाऊन बसली होती, शंभरच्या शंभर.

तुझी पावलं जिन्यावर वाजली. मला विचार करायला तेवढाच वेळ होता. तू दारात, हातात कागदाचा पुडा, कपाळावर घाम. माझा चेहरा बघून तू थांबलास.

"काय झालं?"

"दादा, बॅटरी गेली."

तू पुडा खाली ठेवलास. मशीनजवळ आलास. एक्केचाळीस लावलंस. वाट पाहिलीस. पुन्हा लावलंस. मग मशीन बंद केलंस, पुन्हा चालू केलंस, जसं दमेकऱ्याला पाणी पाजून पुन्हा बसवावं. त्यानंतर तू माझ्याकडं बघितलंस. मी रडत होते. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तू काहून रडतीस? तू थोडंच केलं? मीच उशीर केला."

तिथं मी बोलायला हवं होतं. त्या वाक्यानंतरच्या पहिल्या श्वासाला. तो गेला, दुसरा गेला, मग तू मशीन लुगड्यात गुंडाळायला लागलास.

पुढं ते तुझंच वाक्य झालं. जो भेटेल त्याला तू सांगायचास, बॅटरी कमी दाखवून राहिली होती, मीच आळस केला, आबा माझ्या हातानं गेला. तू नांदेडला जाऊन बॅटरी बदलून आणलीस आणि नंतर दरवर्षी बदलत राहिलास, गरज नसताना. दुसऱ्यांच्या मशीनच्या बॅटऱ्या विचारायचास. लोक हसायचे. मी त्या हसण्यात नसायचे, पण गप्प असायचे.

मी काहीच केलं नाही असं नाही. त्या कॉम्प्युटरमध्ये चौथ्या रविवारचा अर्धा मजकूर कुठं राहिलाय का, ते मी महिनाभर शोधलं. सॉफ्टवेअर तुटलेलं ठेवत नव्हतं. औरंगाबादच्या त्या मैत्रिणीला पत्र लिहिलं. तिनं उत्तरात लिहिलं, एकदा वर दुसरं बसलं की खालचं परत काढता येत नाही, सुमन. मग मी सॉफ्टवेअरमधल्या चौकटीत माऊसनं एकेक टिंब टाकून तो ठेका पुन्हा रचला. माझ्या कानात होता तसा. दम धरण्याची जागाही ठेवली. तुला दिवाळीला बोलावलं आणि ऐकवला.

तू डोळे मिटून पूर्ण ऐकलास. मग म्हणालास, "लई मेहनत केली गं तू. समदं बराबर हाय." डोळे उघडलेस. "आबा असं बराबर न्हवता वाजवत."

त्यावर मी चिडले, आठवतं? मी म्हटलं, कान बदलतो माणसाचा, तुला आता काहीही दिलं तरी खोटंच वाटणार. तू म्हणालास, "खोटं न्हाई म्हनत मी. बोट न्हाई त्यात, येवढंच." आपण दोघंही जोरात बोललो. वहिनीनं मध्ये येऊन फराळाचं ताट ठेवलं. ते भांडण पुढं कधी पुरं झालं नाही. मी भांडत होते कारण मला तो ठेका परत द्यायचा होता आणि तुला सांगायचं नव्हतं की का.

एकदा मी अगदी तोंडाशी आणलं होतं. माझं लग्न ठरलं होतं. लग्नाच्याच कामासाठी तू मला कळमनुरीला सोडायला निघाला होतास आणि वारंगा फाट्यावर जीपची वाट बघत आपण हॉटेलातल्या बाकावर बसलो होतो. ट्रक जात होते, धूळ चहात पडत होती. मी म्हटलं, "दादा, त्या रविवारचं मला एक सांगायचं आहे."

तू हात वर केलास. "सोड गं ते. लई दिवस मी सवताला शिव्या दिल्या. आता कुठं माफ केलं सवताला. आता ते काढू नको."

जीप आली. तू माझी पिशवी टपावर फेकलीस. मला इतकं हलकं वाटलं की त्याची मला आजही लाज वाटते. मी स्वतःला सांगितलं, त्यालाच नको आहे. मी न केलेल्या धीराला तुझीच परवानगी मिळाल्यासारखं झालं. पण तू माफ केलं होतंस ते ज्यानं काही केलंच नव्हतं त्याला. जिनं केलं, ती चहाचा ग्लास धरून समोर बसली होती.

आणि मग हे. कावीळ म्हणत म्हणत तू आठवडा घरी काढलास आणि नांदेडला नेलं तेव्हा पोट फुगलेलं. तीन दिवस मी तुझ्या उशाशी होते. वहिनी औषधं आणायला गेली की खोलीत आपण दोघंच. तू शुद्धीवर होतास. एकदा तू विचारलंसही, "काही बोलायचं हाय का तुला?"

मी म्हटलं, "न्हाई. तू झोप."

सांगितलं असतं तर तू जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. माणूस बरा होऊन घरी येणार असला की त्याला असलं काही सांगत नाहीत ना. मला तू बरा व्हायला हवा होतास, म्हणून मी गप्प बसले. तू तरीही गेलास, आणि गप्प बसणं माझ्याकडंच राहिलं.

काल मी कुरुंद्याला गेले आणि वहिनीला सांगितलं. ती अंगणात शेळीला पाला टाकत होती. मी उभ्यानंच सांगितलं, बटणाचं, कुलपाचं, टेपचं, जिलबीचं. ती पाला टाकत राहिली. सगळं संपल्यावर हात झटकून माझ्याकडं वळली.

"मला काहून सांगून राहिली?"

"कुणाला तरी सांगायला पायजे होतं, वहिनी."

"दहा वरसं त्यायनी जेवताना घास थांबवून म्हनलं, माझ्यामुळं आबा गेला. मी म्हनायची, जाऊ द्या. लेकराला समजावावं तसं समजावलं मी. आन् तू दर दिवाळीला यायची, ह्याच ताटात जेवायची." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मला सांगून मोकळी व्हायला आली असशील, तर मी न्हाई करनार मोकळी. माझ्या हातात न्हाई ते. ज्याचं व्हतं त्यो गेला."

मी पायरीवर बसले. आत मशीन तुझ्या फोटोखालीच ठेवलं आहे, वर रुमाल टाकून. मी तिकडं बघितलं नाही. वहिनी आत गेली, बराच वेळ आली नाही. चुलीवर तव्याचा आवाज येत होता. मग तिनं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं आणि आपण उंबऱ्यावर बसली. मी खाल्लं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पण भाकरी संपली तेव्हा न विचारता दुसरी टाकली.

एसटीच्या वेळेला ती माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. गाडी लांबून दिसली, तेव्हा म्हणाली, "महिना भरंल त्या दिवशी ये."

मी म्हटलं, "यीन."

"सकाळीच ये, मानसं यायच्या आधी. तुला काय सांगायचं ते त्यायलाच सांग, फोटोम्होरं बसून. तोंडानं. मी भायेर ऱ्हाईन."

गाडीत चढल्यावर मी खिडकीतून पाहिलं, ती परत फिरली होती.

त्या दिवसाला अजून तेरा दिवस आहेत, दादा. मला स्वतःचा भरवसा नाही. तिथं बसल्यावर मी पुन्हा आबाबद्दल, शेंगांबद्दल, काहीही बोलत राहीन आणि उठून येईन, मला माहीत आहे. म्हणून आधी हे लिहून काढलं. कागद बरोबर आणेन. बोलता आलं नाही, तर वाचून दाखवेन.